पाणी पुरतं उतरेपर्यंत

अजूनही दुपारी डोळा लागला की मला चिखल दिसतो. ओला, चकाकणारा, आभाळ अंगावर घेऊन पडलेला. त्यावर बोटाएवढ्या निवट्या उड्या मारत असतात आणि मी त्यांची बिळं मोजत असते. स्वप्नात ही मोजणी कधी पुरी होत नाही. बाविसाव्या-तेविसाव्या आकड्याशी कुठेतरी काहीतरी हलतं आणि मी पुन्हा एकपासून सुरुवात करते. याचा मला जागी झाल्यावर राग येतो, स्वप्नात येत नाही.

ज्यांनी निवटी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. हा खाडीच्या चिखलात बिळं करून राहणारा मासा. डोळे पार डोक्याच्या वर. पाणी ओसरलं की तो बाहेर येतो, पुढच्या परांवर सरपटतो, आणि दुसरा एखादा फार जवळ आला तर पाठीवरचा पर ताठ उभा करून त्याला दाखवतो. डोंबिवली पश्चिमेच्या बाजारात निवट्या टोपलीत जिवंत विकायला असतात. लहानपणी आईचा हात धरून मी त्या टोपलीपाशी थांबायचे आणि आई मला ओढत न्यायची. मासा असून पाण्याबाहेर इतका खुशीत कसा, हे मला तेव्हाही कळत नव्हतं.

आम्ही आंबिवलीचे. चाळीतली दोन खोल्यांची जागा, शेजारी विहार, मागे रेल्वेची भिंत. बाबा पालिकेच्या पाणीपुरवठ्यात वॉल्व्हमन. पहाटे सायकलवर लांब लोखंडी चावी आडवी बांधून निघायचे आणि एकेका गल्लीचं पाणी सोडत फिरायचे. आई अंगणवाडीत. मी कल्याणच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. करत होते, धाकटी बहीण बारावीला होती.

संशोधनात मी शिरले ती जर्नल अपुरं होतं म्हणून. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला प्रॅक्टिकल संपताना आमच्या मॅडम म्हणाल्या, "ज्याला स्वतःचा काही प्रश्न असेल त्याने थांबावं, आपण छोटा प्रोजेक्ट करू." सगळे गेले. मी आकृत्या पुऱ्या करत बसले होते. मॅडमना वाटलं मी थांबलेय. त्या समोर स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "बोल, तुझा प्रश्न काय?" आता नाही कसं म्हणायचं? तोंडाला आलं ते बोलून गेले. "निवट्या कुठपर्यंत राहतात? म्हणजे पाण्याच्या किती जवळ, किती लांब?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. खिडकीबाहेर बघत राहिल्या. मला वाटलं, आता हसतील. पण त्या म्हणाल्या, "मलाही नाही माहीत गं."

एवढी शिकलेली बाई मला नाही माहीत म्हणते, याचा मला इतका आनंद झाला की स्टेशनपर्यंत चालताना मी रस्ता कुठून ओलांडला ते आठवत नाही. त्या दिवसापासून मला ते हवंच होतं. संशोधन हा शब्द घरी म्हणायची लाज वाटायची, म्हणून मी नुसतं "काम" म्हणायचे.

कामाला पैसे लागतात हे नंतर कळलं. चिखलात उतरायचे गुडघ्यापर्यंतचे बूट, लांब दोरी, खारटपणा मोजायचं छोटं यंत्र, येण्याजाण्याचा खर्च. कॉलेजचा निधी त्या वर्षापुरता संपला होता. विद्यापीठाची योजना शिक्षकांसाठी होती. उन्हाळी शिष्यवृत्त्या होत्या, पण त्यांना माझ्यापेक्षा जास्त टक्के लागत होते. मी सगळीकडे अर्ज केले. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. एका ठिकाणाहून आलं, त्यात माझं आडनाव चुकलं होतं. बाबा म्हणाले, "मासे मोजायचे पैसे कोण देतं गं? मला तर पाणी मोजायचेही वेळेवर देत नाहीत."

शेवटी ग्रंथालयाच्या फळ्यावर, ड्रायव्हिंग क्लासच्या जाहिरातीखाली अर्धा झाकलेला एक कागद मॅडमना दिसला. ठाण्यात नौपाड्यातल्या एका जुन्या कुटुंबाचा ट्रस्ट पदवीच्या आणि नुकत्याच पदवीधर झालेल्या विद्यार्थ्यांना लहान संशोधनासाठी मदत देत होता. पहिला हप्ता लगेच. सहा महिन्यांनी अहवाल. अहवाल पसंत पडला तर दुसरा हप्ता, आणि पुढे एम.एस्सी.ची दोन वर्षांची फी. हे शेवटचं वाक्य मी किती वेळा वाचलं असेल! आमच्या घरातून एम.एस्सी.ची फी निघणार नव्हती, हे कुणी बोलून दाखवलेलं नसलं तरी मला ठाऊक होतं. बी.एस्सी. झाली की नोकरी, आणि बहिणीचं शिक्षण. त्यात वाकडं काही नव्हतं, फक्त मला ते नको होतं.

अर्जात अंदाजपत्रकाचा तक्ता होता. बूट, दोरी, यंत्र, प्रवास. पाचव्या ओळीत छापलेलं होतं, "स्थानिक मदतनीसांचे मानधन". मला कुणाची मदत लागणार नव्हती. मी तिथे एक छोटी आडवी रेघ मारली आणि पुढे गेले.

नौपाड्यातली ती खोली एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. शिसवी टेबल, त्यावर काच, काचेखाली जुने फोटो, आणि पंख्याचा फार हळू आवाज. मुलाखत घ्यायला तिघं होती, पण बोलत होत्या त्या एक आजी. पांढरी साडी, निवृत्त शिक्षिका असाव्यात, कारण त्यांनी आधी माझं अक्षर बघितलं. "आपण अर्ज स्वतः लिहिलेला दिसतो," त्या म्हणाल्या. "निवटी म्हणजे काय, मला माहीत नाही. सांगा पाहू." मी सांगत सुटले. पर कसा उभा करते ते हाताने करून दाखवलं. त्या हसल्या नाहीत, पण पंखा बंद करायला लावला, नीट ऐकू यावं म्हणून.

पैसे मिळाले. मी बूट घेतले. पहिल्यांदा घालून चाळीत मिरवले तेव्हा शेजारची काकू म्हणाली, "काय गं, गटारात उतरायची नोकरी लागली का?"

पहिला रविवार मला अजून तुकड्यातुकड्यांत दिसतो. डोंबिवलीच्या रेतीबंदराच्या अलीकडे रस्ता संपतो, मग पायवाट, मग तिवरांची झाडं. आत शिरलं की शहराचा आवाज एकदम लांब जातो. चिखलातून टिक टिक असा बारीक आवाज येत असतो, असंख्य बुडबुडे फुटल्याचा. हवेत खारट, कुजकट वास, तो पाचेक मिनिटांनी येईनासा होतो. घड्याळ बघायचं राहून जातं. मी तिथे नुसती उभी होते, बराच वेळ. मला वाटलं, ही जागा माझी वाट बघत होती. असलं काहीतरी विसाव्या वर्षी वाटतंच.

मग मी कामाला लागले. तिवरांच्या मुळांपासून पाण्याच्या कडेपर्यंत दोरी टाकायची, दर पाच पावलांवर प्लास्टिकच्या नळ्यांची चौकट ठेवायची आणि चौकटीत किती बिळं येतात ते वहीत लिहायचं. फोनमधल्या ॲपवर ओहोटीची वेळ दिलेली असे. मी त्या वेळेला बरोबर हजर.

थोड्या अंतरावर एक बाई मांडीपर्यंत चिखलात उभी होती. साडीचा काचा मारलेला, कमरेला टोपली, हात कोपरापर्यंत काळे. वय साठीच्या आसपास. तिथल्याच जुन्या आगरी गावातली. ती बिळात हात घालून निवट्या धरायची आणि दुपारी बाजारात नेऊन विकायची. माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "काय गो पोरी, काय हरवलं?"

"काही नाही मावशी. बिळं मोजतेय. अभ्यास आहे."

"मंग थांब जरा. पानी आजून जातंय."

मी फोन पुढे केला. "ओहोटी झाली, मावशी. हे बघा, नऊ वाजून पाच मिनिटं."

"त्या फोनला आपली खाडी दिसते काय?" ती म्हणाली. "तिथ बघून येत जा."

तिथ! माझं डोकंच फिरलं. आमच्या घरात पंचांग नाही. आजोबांनी ते बाहेर काढलं ते कायमचं. मुहूर्त, तिथी, शुभ-अशुभ यांनी आपल्या माणसांचं काय केलं, हे ऐकत मी मोठी झाले. आमच्याकडे फक्त पौर्णिमा पाळतात, विहारात वंदना असते म्हणून. बाबांनी चाळीतली जागा घेतली ती पगाराच्या दुसऱ्या दिवशी, अमावास्येला. सगळ्यांना मुद्दाम सांगून. आणि आता विज्ञानाची विद्यार्थिनी असलेली मी तिथी बघून मासे मोजू? मी गोड हसले, जे मला रागात फार छान जमतं, आणि माझी दोरी गुंडाळायला घेतली.

त्यानंतर दर रविवारी तेच. मी मोजून निघाले की ती लांबून हात करायची, "थांब जरा गो." मी हात हलवून निघून जायचे. आम्हा दोघींचं हे जणू ठरूनच गेलं.

आकडे मात्र फार सुंदर येत होते. तिवरांजवळच्या चौकटीत बिळंच बिळं, पाण्याकडे जावं तशी कमी, आणि कडेच्या शेवटच्या चौकटींत शून्य. दर रविवारी. मी आलेख काढला तर घसरगुंडीसारखी सरळ रेघ. मॅडम म्हणाल्या, "भारी आहे हे! पण का?" मी कारणही शोधलं. खाडीतून शहराचं सांडपाणी वाहतं, त्याच्या लगतचा चिखल घाण, म्हणून निवट्या कडेपासून दूर, वर सरकल्या आहेत. सगळं एकमेकांत चपखल बसलं. माझ्या निवट्या मला फार बिचाऱ्या वाटायला लागल्या.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मी हे पोस्टर लावलं आणि दुसरं बक्षीस आलं. विहारात सत्कार झाला. पेन, वही, गुलाबाचं फूल. बाबांना दोन शब्द बोला म्हणाले तर ते माइकपुढे उभे राहिले आणि नुसतं "माझी मुलगी" एवढंच म्हणून खाली बसले. चाळीतली पोरं मला निवटीताई म्हणायला लागली. ट्रस्टला मी पोस्टरचा फोटो पाठवला, आजींचं पोस्टकार्ड आलं, "उत्तम. अहवालाची वाट पाहते." ते कार्ड मी उशीखाली ठेवत होते, सांगायला लाज कशाला?

अहवालाला तीन आठवडे उरलेले असतानाच्या रविवारी माझा डावा बूट चिखलात अडकला.

मोजणी झालेली होती. नऊचा सुमार. मी निघायला वळले आणि पाय आलाच नाही. जितकं ओढावं तितकी मी खाली. ट्रस्टच्या पैशातला बूट सोडून मोज्यावर घरी जाणं मला शक्य नव्हतं. मावशीने लांबून पाहिलं आणि ओरडली, "हलू नको गो! गप उभी ऱ्हा. पानी गेलं का आपोआप सुटंल." ती काही जवळ आली नाही. तिचं तिचं काम चालूच होतं.

मग मी उभी राहिले. दुसरं करणार काय? ऊन कोवळं होतं. एक बगळा आला, त्याने मला खुंट समजून जवळच बस्तान मांडलं. टिक टिक चालू होती. डोळे मिटायला लागले. मी किती वेळ तशी अर्धवट झोपेत उभी होते कोण जाणे. पाणी हलताना दिसत नाही. मध्येच कधीतरी बघावं तर ते तिथे नसतं.

डोळे नीट उघडले तेव्हा माझी दोरी जिथे संपत होती, त्याच्या पुढे चिखल होता. खूप चिखल. आत्ताच उघडा पडलेला, गुळगुळीत, त्यावर एकही भोक नाही. मी बघत राहिले. थोड्या वेळाने त्यात एक बुडबुडा फुटला. मग शेजारी दुसरा. मग एक डोळा वर आला, दुसरा आला, चिखलाचा पातळ पापुद्रा फाटला आणि एक निवटी बाहेर येऊन बसली. तिच्यामागून बीळ उघडं. मग सगळीकडेच. माझ्या शून्य-शून्यच्या चौकटी ज्या पट्ट्यात पडायच्या तिथे, आणि त्याच्याही खाली, जिथे मी कधी पोचलेच नव्हते तिथे, पर उभारून, एकमेकींना हुसकावत, नुसता बाजार भरला होता. इतकं सुंदर दृश्य मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि माझ्या वहीत तिथे नुसती शून्यं होती.

बूट सुटला. मी मावशीकडे गेले. "हे रोज असं होतं?"

"मंग? मी काय सांगतेय यवढे दिवस?" ती टोपली खाली ठेवून म्हणाली. "आज तिथ कंची?"

मला माहीत नव्हतं, असं म्हणणार होते. पण माहीत होतं. गुरुवारी विहारात पौर्णिमेची वंदना होती. "तृतीया," मी म्हणाले.

"तीनाची पाऊणपट किती? सव्वादोन. सव्वादोनला दर्यावर भरती. मंग सव्वाआठाला दर्यावर ओहोटी. तुझ्या फोनमधी हाय ती दर्याची. तिथनं पानी आपल्याकडं पोचायला आनिक दोन तास. सव्वाधाला इथं पानी उतरतं. मंग चिखल जरा निजतो, मंग या बाहेर येतात." शाळेत ती दुसरीपर्यंत गेली होती. पाऊणकी, म्हणजे पाऊणपटीचा पाढा, तोंडपाठ होती. यात शुभही काही नव्हतं आणि अशुभही. निव्वळ गणित होतं, चंद्राचं आणि अंतराचं, आणि मी त्याला अंधश्रद्धा समजून दर रविवारी हात हलवून निघून गेले होते.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते जेवत होते. त्यांनी घास तसाच धरून माझ्याकडे पाहिलं. "अगं, टाकीपाशी मी वॉल्व्ह फिरवला म्हणजे शेवटच्या चाळीत लगेच पाणी येतं का? वॉल्व्हमनची पोरगी ना तू?" आणि हसायला लागले. मी रडायला लागले तेव्हा थांबले.

दुसऱ्या दिवशी मॅडमकडे गेले. त्या बराच वेळ वही चाळत होत्या. "आकडे खोटे नाहीयेत," त्या हळूच म्हणाल्या. "तू जे पाहिलंस तेच लिहिलंस ना? अहवालात लिहू, पाणी ओसरत असतानाची निरीक्षणं. एका वाक्याने काम होतं. सांडपाण्याचा भाग जरा सौम्य करू." मग वही मिटून म्हणाल्या, "नाहीतर सगळं सांग. मग दुसरा हप्ता विसर आणि फीसुद्धा. मी कशावरही सही करेन. तू ठरव."

त्या वाईट नव्हत्या. त्यांना माझी एम.एस्सी. हवी होती, माझ्याइतकीच.

ते वाक्य मी लिहूनही पाहिलं. फार नीटनेटकं झालं होतं. पण रात्री-दिवसा डोळे मिटले की तो पापुद्रा फाटायचा आणि त्यातून डोळे वर यायचे. निवट्या तिथेच आहेत, मी म्हणतेय नाहीत. हे कागदावर राहिलं असतं, माझ्या सहीने. आणि कडेला ती बाई दर रविवारी "थांब जरा" म्हणत उभी. नाही जमलं. मी चांगली आहे म्हणून नव्हे. मला त्या निवट्यांपुढे शरम वाटत होती.

नौपाड्यातल्या खोलीत पंखा तसाच हळू फिरत होता. मी उभ्यानेच सांगितलं. ॲपची वेळ समुद्रावरची, आमच्या खाडीची नव्हे. माझ्या शेवटच्या चौकटींतली शून्यं चुकीची. सांडपाण्याचं अनुमान निराधार. स्पर्धेच्या आयोजकांनाही पत्र पाठवलंय. मॅडमची सही खाली आहे. बाकी दोघं एकमेकांकडे बघत होते. आजींनी माझा जुना अर्ज मागवला.

"तुम्हाला हे समजलं कसं?"

मी बूट, मावशी, पाऊणकी सगळं सांगितलं.

"त्या बाईंनी तुम्हाला हे आधी कधी सांगितलं होतं का?"

"पहिल्याच रविवारी," मी म्हणाले. "मी ऐकलं नाही. तिथी म्हणाल्या म्हणून."

आजी अंदाजपत्रकाच्या पानावर आल्या. पाचव्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं, माझ्या त्या आडव्या रेघेवर. पान माझ्याकडे फिरवलं फक्त. मोजणीच्या चुकीबद्दल त्या मला एक अवाक्षर बोलल्या नव्हत्या, आणि त्या रेघेकडे बघताना मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"नियमाप्रमाणे हा अहवाल पसंत करता येत नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "दुसरा हप्ता थांबेल. फीचंही काही सांगता येणार नाही. नव्याने मोजा. पुढच्या वर्षी नवा अर्ज करा, इतरांच्या रांगेत. मी शब्द देत नाही."

खाली उतरले तर दवाखान्यापुढे लोक ताटकळत बसले होते, रिक्षावाला हाका मारत होता. मी स्टेशनकडे न जाता उलट्या दिशेने तलावापर्यंत चालत गेले आणि काठावर बसून राहिले. दुःख होतं, पण हलकंही वाटत होतं. दोन्ही एकदम.

मैत्रिणी एम.एस्सी.ला गेल्या. मी कल्याणला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागले, रक्ताच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायला. रविवार माझा होता. आईने शेवटी एक पंचांगवालं कॅलेंडर आणलं आणि बाबांच्या डोळ्यांसमोर स्वयंपाकघरात टांगलं. मग दर शनिवारी बाबाच मला आधी विचारायचे, "उद्या तिथी काय?" मी मावशीच्या वेळेला जायचे. पाणी पुरतं उतरेपर्यंत आम्ही दोघी बांधावर बसायचो. ती तंबाखू मळायची, मी डबा उघडायचे. सरत्या पाण्यावर ऊन हलत असायचं. कधी मला डुलकी लागायची. मग ती कोपराने ढोसायची, "ऊठ गो. आता मोज."

नवी रेघ घसरगुंडीसारखी नव्हती. वेडीवाकडी होती. मध्ये फुगीर, खाली पुन्हा फुगीर. तिचं कारण मला अजून पुरतं कळलेलं नाही, मी सध्या तेच शोधतेय. पुढच्या वर्षी नवा अर्ज गेला. पाचव्या ओळीत या वेळी आकडा होता. पत्र आलं, मंजूर. सहा महिन्यांनी अहवालही पसंत पडला आणि एम.एस्सी.ला मी एक वर्ष उशिरा गेले.

त्याआधी, नव्या अनुदानाचा पहिला हप्ता हातात आल्यावर मी पाकीट आणि मानधनाची छापील पावती घेऊन खाडीवर गेले. मनात जरा भरून आलं होतं. वाटलं होतं, मावशी संकोचेल, नको म्हणेल, मग मी आग्रह करीन. तिने हात साडीला पुसले, पाकीट घेतलं, उघडून बघितलं. "यवढंच? टोपलीचा भाव काय चाललाय, ठाव हाय?" मी हसले. तिनेही हसून घेतलं, पण पाकीट कनवटीला गेलं.

"ह्यात काय लिवलंय ते वाचून दाव. मी अशी सही करनार नाय."

मी वाचलं. नाव. पत्ता. कामाचं स्वरूप, तिथे मी "मार्गदर्शन" लिहिलं होतं. त्यावर ती मान हलवून बरं म्हणाली. पुढचा रकाना होता, काम कधीपासून. मी नव्या अनुदानाच्या महिन्याची पहिली तारीख घातली होती. नियम तसाच होता. त्याआधीच्या कामाचे पैसे ट्रस्ट देत नाही. ते मला माझ्या वाट्यातून द्यावे लागले असते.

"थांब जरा," मावशी म्हणाली.

मी थांबले.

"पयल्या रविवारपासून लिव. मी तवापासून सांगतेय."

समोर पाणी अजून जात होतं. मी पिशवीतून जुनी वही काढली, ती पहिली, खोट्या शून्यांची. पहिल्या पानावरची तारीख शोधली. पावतीवरची माझी तारीख खोडली आणि ती तिथे लिहिली. मावशीने पेन घेतलं, मांडीवर वही, वहीवर पावती ठेवली आणि एकेक अक्षर सावकाश जुळवत सही केली.